जेवणाच्या सुट्टीतली कविता

अन्याय झाला तो सुमनताईंवर. गेल्या रविवारी, दुपारी सव्वा वाजता, आमच्या तालुक्याच्या साहित्य संमेलनात.

सकाळी याच मांडवात ‘आयुष्यातली पोकळी आणि साहित्य’ या विषयावर तीन वक्ते दोन तास बोलले, तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. नवोदितांच्या कविता मात्र जेवणाच्या वेळेत. दरवर्षी तिथंच ठेवतात. सरकारी दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या सुमनताईंचं नाव पुकारलं, तेव्हा समोर नुसत्या खुर्च्या होत्या आणि शेवटच्या रांगेत झोपलेले एक आजोबा.

आणि मी? एरवी पत्रकं वाटून जगाला जाब विचारणारा मी, ताट घेऊन मांडवाच्या कडेला उभा होतो.

लेक गेली, तरी सकाळी हातून चहा दोघींचाच टाकला जातो, एवढंच त्या कवितेत होतं. वाचताना त्यांचा आवाज एकदाच अडकला. नेमकं तेव्हाच वाढपी ओरडला, “जिलबी संपत आली हो!”

खाली उतरून त्या माझ्याकडे आल्या. “दादा, कळलं का काही? का आपलं उगाच?”

“छान होती,” मी म्हणालो. तोंडात घास होता.

“जेवा, जेवा,” म्हणत त्यांनी कागदाची घडी घातली.

पोकळीवर दोन तास ऐकून आम्ही उठलो आणि मांडवात ती स्वतःच करून ठेवली. त्या बाईला टाळ्या नको होत्या. आपल्या दुःखाला काही अर्थ आहे का, एवढंच कुणाच्या तरी चेहऱ्यावर बघायचं होतं.

तुमच्याही गावात संमेलन भरेल. सव्वा वाजता ताट खाली ठेवा आणि पहिल्या रांगेत जाऊन बसा.