एवढी काच पुसणार कोण?

घर कितीही झाडा, दुबईत उंबऱ्याशी वाळू जमतेच. नकाशांच्या ऑफिसातले किस्से तसेच. एक झाडायला जावं, तर त्याखाली दुसरा!

साठ सालानंतरची गोष्ट. आमचे हे, दाऊद, एका इंग्रज साहेबाकडे ड्राफ्ट्समन होते. साहेबाच्या भिंतीवर त्याच्या पणजोबांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळात काढलेले मोठमोठे नकाशे. त्यातलं काहीच बांधलं गेलं नव्हतं.

मी डबा घेऊन गेले, तर साहेब मोडक्या हिंदीत समजवायला लागला. अख्ख्या लंडनभोवती काचेच्या छताचा रस्ता! आत दुकानं, आगगाड्या.

मी विचारलं, "एवढी काच पुसणार कोण?"

"म्हणूनच बांधायचा राहिला, बीबी!"

*

दुसऱ्या कागदावर डोंगराएवढी इमारत. हजारो खोल्या, पण सगळ्या मेलेल्यांसाठी. लंडनला म्हणे कबरींना जागा उरली नव्हती.

आम्ही तेव्हा झावळ्यांच्या झोपडीत राहत होतो. हे मला हळूच म्हणाले, "बघ, मेलेल्यांना पक्की खोली!"

*

मग ह्यांनाही तो आजार लागला. रत्नागिरीकडच्या आमच्या घराचा नकाशा काढायला बसले. दर जुम्म्याला घर वाढायचं. आधी गच्ची, मग घड्याळाचा मनोरा!

"गावात घड्याळ बघणार कोण?"

"अगं, गाव बघेल!"

"आधी माझ्या चुलीला खिडकी काढा. धुरानं डोळे गेले माझे."

"काढतो, इन्शाल्ला." आणि मनोऱ्यावर आणखी एक मजला.

*

एका दुपारी शमाल, तिकडचा वाळूचा वारा, सुटला. झोपडीचं छप्पर उडालं, भांडी खाडीकडे घरंगळत गेली. मी हंड्यामागे धावतेय, आणि हे वाळूत पालथे पडलेले, पोटाशी नकाशाची गुंडाळी.

उठून म्हणाले, "घर वाचलं!"

रडावं की हसावं, कळेना. दोन्ही केलं.

*

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांना ताप आला, तो घेऊनच गेला. तिथल्याच वाळूत दफन केलं. उशाशी एक दगड, बस्स.

चाळिसावा दिवस झाल्यावर साहेब आला. दारातच उभा राहिला, हातात गुंडाळी. उघडली, तर ह्यांच्यासाठी मकबरा! घुमट, कमानी, आणि एका बाजूला छोटीशी खिडकी.

"दाऊद सांगायचा," साहेब म्हणाला, "तुम्हाला आधी खिडकी लागते."

मी पदर तोंडाला लावला. म्हटलं, "साहेब, आमच्यात कबरीवर बांधत नाहीत."

"आमच्या घराण्यातही नाही, बीबी," तो म्हणाला. "आम्ही फक्त काढतो."