मांडीवरचा राक्षस

पंचावन्न सालच्या सुमारास बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या मोटारीत माझ्या शेजारी एक गृहस्थ राक्षसाचे मुंडके मांडीवर घेऊन बसले होते. इंदापूरच्या तंबूत त्या संध्याकाळी भुताचा सिनेमा लागणार होता, आणि दारावर टांगण्यासाठी त्यांनी ते कागदाच्या लगद्यातून घडवले होते. लगदा अजून ओला होता. प्रत्येक खड्ड्याला ते त्याचे दोन्ही कान हलकेच धरत.

एका गचक्यासरशी ते ओले तोंड माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आपटले आणि चेपले.

"असलं ध्यान टपावर टाकायचं सोडून माणसांत कशाला आणलंत?" मी नको तितका कडाडलो.

"आता तंबूचा मालक ह्याला दारात बी उभं करायचा न्हाय," ते पुटपुटले. मग माझ्याकडे एकटक पाहत त्यांनी भराभर लगदा दाबायला सुरुवात केली. भुवया आवळल्या, नाकपुड्या फुगल्या, आणि राक्षस हुबेहूब माझ्यासारखा दिसू लागला.

हा चेहरा माझ्या पत्नीला घरी कितीदा पाहावा लागत असेल, असे मनात आले. मी वरमलो आणि त्यांची क्षमा मागितली.

"माफी नंतर मागा, रावसाहेब," ते काकुळतीने म्हणाले, "अजून खालचा ओठ ऱ्हायलाय."