नावाड्याच्या भावाचं टोपण

आमची आत्या शिलाई मशिनी दुरुस्त करायची आणि जीव लावायची मासे धरायच्या जुन्या रिळांवर. स्वतः तिनं कधी मासा धरला नाही. पाण्याजवळ गेली की तिला शिंका यायच्या. पण गळाच्या काठीवर बसवायचं ते बंद तोंडाचं रीळ, पुढं टोपण, टोपणाच्या मधल्या भोकातून सुटणारी तंगुसाची दोरी, मागं अंगठ्यानं दाबायचं बटण, हे सगळं तिला बॉबिनचं थोरलं भावंडच वाटायचं. लोक नवं घेतलं की जुनं तिच्यापुढं आणून टाकत.

ती आधी रीळ तळहातावर तोलायची. मग कानाशी धरून मूठ फिरवायची. "पितळी चाक मांजरासारखं घुरघुरतं. प्लास्टिकचं नुसतं कुरकुरतं." मग काठीला बसणारा खालचा पाय बघायची. रिबीट मारलेला असला तर जुना, अंगासकट ओतलेला असला तर अलीकडचा.

आतोबा म्हणायचे, "लग्नाआधी मला एवढं निरखलं असतंस तर वाचली असतीस."

"निरखलं होतं की. पाय बरे वाटले."

एकदा तळ्यावरचा नावाडी अडकलेलं रीळ घेऊन आला. भाऊ वारल्यापासून त्यानं नाव पाण्यात घातली नव्हती. आता घालायची, तर पहिला गळ भावाच्याच रिळानं टाकायचा, असं त्याच्या मनात होतं.

आत्यानं गंज काढला, तेल दिलं आणि मग माती खाल्ली. टोपण चेपलेलं, ओरबाडलेलं होतं. तिला ते बघवेना. तिनं ते टोपणांच्या डब्यात भिरकावलं आणि त्याच जातीच्या दुसऱ्या रिळाचं चकचकीत टोपण बसवलं. रिळं जमवणाऱ्यांची ही खोडच असते. चौघांचे अवयव काढून एक देखणं करायचं.

नावाड्यानं मूठ फिरवून बघितली. "चालतं छान, ताई. पण हे भावाचं नाही."

"अहो दादा, आतलं सगळं त्याचंच आहे."

"तोंड त्याचं नाही." त्यानं रीळ टेबलावर ठेवलं. "राहू द्या. नाव काठावरच बरी आहे."

आत्याचा चेहरा पडला. तिनं डबा पालथा केला. सगळी टोपणं एका घाण्यातली आणि सगळीच चेपलेली. नावाड्यालाही ओळखू येईना.

"भाऊ गळ टाकायचा कसा?" तिनं विचारलं.

"डावखुरा होता. रीळ काठीच्या खाली लावायचा, उलटं, म्हणजे मूठ डावीकडं येते. तळ्यावर सगळे हसायचे."

कुणी मशीन पालथी घालून शिवावं तसं आत्याला झालं. पण लगेच ती एकेक टोपण उजेडात धरू लागली. सरळ लावलेलं रीळ नाकावर नाहीतर कुशीवर मार खातं. उलटं टांगलेलं असेल तर नावेच्या काठावर त्याची पाठ घासणार.

एका टोपणाच्या एकाच बाजूला ओरखडे होते. ओरखड्यांत हिरवा रंग बसला होता.

"नाव हिरवी?"

"हिरवीच."

तिनं टोपण फिरवून बसवलं. आटे संपले तेव्हा ओरखडे बरोबर पायाच्या विरुद्ध बाजूला आले. नावाड्यानं दारात टेकवलेली काठी आत आणली आणि तिथंच रीळ तिला लावलं. उलटं.

आत्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी तिला राहवलं नाही. "दादा, निदान बटणाला तरी अंगठा पोचतो का?"

"बोटानं दाबायचं असतं, ताई. भाऊ तसंच करायचा." त्यानं काठी तिच्या हातात दिली.

आत्यानं बोटानं बटण दाबून बघितलं, आणखी एकदा दाबलं. "हं," ती म्हणाली, "जा आता. वारा पडलाय, नाव घाला."