फ्यूजचं हळदकुंकू

दसऱ्याच्या दिवशी मी विजेच्या फ्यूजला, आतल्या पितळेलाच, ओलं हळदकुंकू लावलं.

मेन स्विच बंद करून लावलं, एवढी अक्कल होती. बाकीची नव्हती. एकसष्ट-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. घाटंजीला आमच्या गल्लीत वीज घेणारं आमचं दुसरंच घर, आणि त्यासाठी वडिलांच्या मागे वर्षभर लकडा लावणारा मी. वडील शिंपी. दसऱ्याला शिलाई मशीन, कात्री, गज यांची पूजा व्हायचीच. मग विजेनं काय पाप केलं होतं? बोर्डाच्या लाकडी फळीला टिळा लावणं मला वरवरचं वाटलं. मी चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि ज्या दोन पितळी पात्यांतून साऱ्या घराची वीज जाते, ती मनोभावे माखली. फ्यूज परत बसवला, हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सांजेपासून दिवे डोळे मिचकावू लागले.

धाकट्या बहिणीचं मॅट्रिकचं वर्ष होतं. आमच्या घरात तिथवर कोणी पोचलं नव्हतं. ती पुस्तकावर बोट ठेवून बसायची. उजेड गेला की बोट तिथंच, आला की पुढे. वडिलांनी दोन दिवस सोसलं. मग म्हणाले, "पुनवेवरी पाहतो. नाई थांबलं त अर्ज देतो, तार काढून नेतीन. कंदिलावर म्या जिंदगीभर काजं केले."

कंदील एकच होता. तो मशीनपाशी राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बहीण नुसती माझ्याकडे पाहत राहिली. विजेचा हट्ट माझा होता ना!

"वायरमनले बलावू का?" वडिलांनी विचारलं.

"वायरमन कायले? मी आहो न!"

माझं शिक्षण म्हणाल तर फिटिंगच्या वेळी दोन दिवस वायरमनच्या शिडीखाली उभं राहून त्याला स्क्रू देणं. तेवढ्या भांडवलावर मी बल्ब बदलला. होल्डर खोलला. घरातल्या तिन्ही दिव्यांची बटणं उघडून स्क्रू आवळले. शेवटी एक स्क्रू उरला, तो कुठला ते आजतागायत कळलेलं नाही. दिवे मिचकावतच होते. मग बाहेरच्या लाइनीवर खापर फोडावं म्हणून शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांचा दिवा डोळा न मिचकावता माझ्याकडे बघत होता.

पुनवेच्या आदल्या सांजेला बहीण मधल्या दारात जाऊन बसली. तिथून ओसरी, बैठक, सैपाकघर, तिन्हीकडचे दिवे दिसत.

"भाऊ, तिन्ही संगच मिचकावते. मंग तू एकेका दिव्याले काहून खोलून राह्यला?"

मी शिडीवरच थांबलो. तिन्ही संगच, म्हणजे खोड दिव्यांत नाही. तिन्ही जिथं एक होतात तिथं आहे. बोर्डात!

उतरलो, मेन स्विच पाडला, बहिणीनं कंदील धरला, फ्यूज ओढला. जळक्या हळदीचा वास आला. पितळेवर काळी खपली धरली होती आणि तिच्या कडेनं लालसर कुंकू. माझी भक्ती मी ताबडतोब ओळखली.

सुताराकडून काचपेपर आणला. पाती घासली, ती ज्यात बसतात ते चिमटेही घासले. पितळ सोन्यासारखं निघालं. फ्यूज घट्ट बसवून मेन चढवला. तिन्ही दिवे लागले ते लागलेच. आम्ही सगळे माना वर करून पाहत होतो. पापणी आमचीच लवली, त्यांची नाही.

वडील मशीनवर बसले. एरवी थुंकी लावून तीनदा हुकणारा दोरा पहिल्या झटक्यात सुईत गेला. मान वर न करता म्हणाले, "राहू दे तार."

एवढंच. पण त्या तीन शब्दांवर मी ओसरीवर आलो तो छाती काढूनच. पुढं जन्मात बरीच कामं केली, त्यातली काही धडही झाली. पण तसा ताठ मी पुन्हा चाललो नाही. काका दारातच भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं: आधी बल्ब, मग होल्डर, मग बटण, आणि मग विचार करून करून थेट बोर्ड. कुंकवाचा भाग तेवढा घाईत राहून गेला.

"डोकं लागते काका, याले," मी म्हणालो.

आतून, पुस्तकातून डोकं न काढता, बहिणीचा आवाज आला.

"काका, बिघडोलं त्यानं अन् सापडोलं म्या. त्यानं नुसतं घासलं."