टोप कोण घासणार?

चार माणसं वर्षानुवर्षं एकत्र डोंगर चढली की किस्से साठवावे लागत नाहीत. टोपाच्या बुडाला काजळी धरते तसे ते आपोआप धरतात. आणि आमचा टोप नेहमी मीच घासायचो, त्यामुळे किस्सेही माझ्याच वाट्याला आले.

ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही चौघं मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये होतो. मी लेथवर, सावंत वेल्डिंगला, कांबळे स्टोअर्समध्ये आणि बोरीवलीचा मेहता ऑफिसात. महिन्यातून एकदा सुट्टीला जोडून रजा टाकायची आणि कुठल्यातरी गडावर मुक्काम ठोकायचा. चढायचा कंटाळा मला कधीच आला नाही. जेवण झाल्यावर यायचा.

*

टोप चुलीवर चढवण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, ही कांबळेची शिकवण. काजळी मातीवर बसते आणि धुताना मातीबरोबर निघून जाते. एकदम झकास युक्ती! पहिल्यांदा लेप द्यायचं काम सावंतने घेतलं आणि अगदी मन लावून केलं. भात शिजल्यावर झाकण उचललं, तर भातावर मातीच्या खपल्या!

"अरे, झाकणाला कशाला लावलीस?"

"झाकण पण काळा होता मां!"

"पण आतून?"

"आतून पण होईल कधीतरी!"

वरचा थर काढून टाकला आणि खालचा भात खाल्ला. दाताखाली कचकच आली तरी कोणी बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

*

पावसाळ्यात लाकडं ओली, म्हणून कांबळेने घरचा स्टोव्ह आणला. "घासलेटचा डबा पिशवीत सरळ उभा ठेव, झाकण घट्ट लाव," हे त्याने मेहताला तीनदा बजावलं. मेहताने झाकण घट्ट लावलं, डबा सरळ उभा ठेवला आणि तो हलू नये म्हणून चारी बाजूंनी पोहे भरले. चढताना डबा पाझरला आणि गडावर पोचेपर्यंत पोहे घासलेट पिऊन तयार!

"माझा आज उपवास आहे," मेहता वास घेऊन म्हणाला.

"आम्हा सगळ्यांचाच आहे," कांबळे म्हणाला.

त्या पिशवीचा वास जाईपर्यंत दिवाळी आली. पिशवी धुतली कोणी, ते विचारू नका.

*

मी एकदा कुरकुर केली तेव्हा कांबळेने नियम काढला, "जो शिजवेल, तो घासणार नाही." मला वाटलं, सुटलो! पुढच्या खेपेला पोचल्या पोचल्या तिघं चुलीवर तुटून पडले. पिठलं एक आणि आचारी तीन. आपणही शिजवलं याचा पुरावा म्हणून प्रत्येकाने मीठ घातलं. मी खालच्या टाक्यातून पाण्याच्या कळशा वर आणेपर्यंत पिठलं तयार होतं.

"परब, तू काय शिजवलंस?" कांबळेने विचारलं.

"मी पाणी आणलं!"

"पाण्याला कोणी स्वयंपाक म्हणतं का?"

पिठलं इतकं खारट की मी आणलेलं सगळं पाणी तिघांनीच संपवलं. टोप घासायला मी पुन्हा खाली टाक्यावर गेलो. जेवायला बसण्याआधी टोपात पाणी ओतून ठेवलं तर पिठल्याची खरवड सुटते, एवढी अक्कल मला त्या दिवशी आली. पण ओतायला पाणी उरायला हवं ना!

*

कचरा डोंगरावर टाकायचा नाही, बांधून घरी न्यायचा, हाही कांबळेचाच नियम. चांगला नियम होता. फक्त उतरताना पिशव्यांची अदलाबदल झाली आणि सावंतच्या अंड्यांच्या टरफलांची पिशवी मेहताच्या घरी, त्याच्या आईच्या ओट्यावर जाऊन उघडली. तिच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा यायचा नाही.

"मग तू काय सांगितलंस?" आम्ही विचारलं.

"सांगायचं काय? दोन दिवस जिन्यात जेवतोय!"

*

शेवटी मी थकलो. दिवसभर लेथवर कूलंटच्या तेलकट पाण्यात हात, बोटांना चिरा आणि त्यांत भांडी घासायची राख झोंबायची. डोंगर आवडायचे, पण सुट्टी जवळ आली की आधी टोपच आठवायला लागला. मी कॅन्टीनमध्ये सांगून टाकलं, "या खेपेला मी भांड्यांना हात लावणार नाही. संप! आणि काही बदललं नाही, तर ही माझी शेवटची ट्रिप."

तिघांनी चहाचे ग्लास खाली ठेवले. सावंतचे वडील गिरणीत होते. संपात त्यांची गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडली नाही. आमच्यात संप हा शब्द कोणी चेष्टेवारी नेत नसे.

गडावर पोचलो आणि मी देवळाच्या ओसरीवर आडवा झालो, तो झोपलोच. जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समोर टोप उपडा घातलेला, नुसता लखलखत होता! बुडाला काजळीचा ठिपका नाही. माझ्यापेक्षा यांनीच छान घासला, असं वाटलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. असल्या दोस्तांना सोडायला निघालो होतो, याची लाज वाटली.

"कोणी घासला रे?"

कांबळे बुटाची नाडी बांधायला लागला.

"जेवायला काय केलं होतंत?"

"काय नाय," सावंत म्हणाला.

"म्हणजे?"

"शिजवलं असतं तर घासावं लागलं असतं," कांबळे म्हणाला.

"मग घासायचा!"

सावंत ताडकन उठला. "संपावरच्या माणसाचं काम आम्ही करायचं? माझ्या बापाने आयुष्यात नाय केलं!"

मेहता पोट धरून कोपऱ्यात बसला होता. "परब, तुझ्या मागण्या काय आहेत त्या तरी सांग ना, यार. सकाळपासून उपाशी आहोत!"