'नाही'च्या रकान्यातल्या खुणा

प्रवास कचेरीतल्या त्या बाईंना सगळे विमाबाई म्हणत, आणि बाईंना त्याचा रागही येत नसे. बावीस वर्षं त्याच खुर्चीत बसून त्यांनी लोकांना परदेशी धाडलं, पण विमा न काढता एकालाही दाराबाहेर जाऊ दिलं नाही. कुणी म्हणालं, "अहो बाई, आम्ही फिरायला निघालोय, आजारी पडायला नाही," की त्या चष्मा कपाळावर सारत. "पाय घसरायला पासपोर्ट लागत नाही! तिकडे नुसतं हाड मोडलं तरी घर विकायची पाळी येते. बसा गुमान." माणूस मुकाट्याने बसे.

बोलणं अगदी खरं होतं बाईंचं. खोट होती ती हातात. विम्याच्या अर्जात एक पान आजारांचं असतं: रक्तदाब आहे का, साखर आहे का, हृदयाचा त्रास झाला होता का. समोर दोन रकाने, होय आणि नाही. 'होय'वर खूण केली की डॉक्टरचं पत्र आणा, कंपनीच्या होकाराची वाट बघा. चार दिवस गेलेच. म्हणून गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता बाईंचं पेन 'नाही'च्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत सरसर उतरे. मग खाली बोट ठेवून त्या म्हणत, "इथे सही." कचेरीत सगळेच असं करत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

एकदाच काय ते एक बेकरीवाले परत आले होते. सहलीत त्यांच्या बायकोचा दमा उसळला, ती दवाखान्यात पडली आणि कंपनीने हात वर केले. दमा जुना, अर्जावर मात्र 'नाही'. "बाई, या खुणा तुम्ही केल्या होत्या," ते म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही माणसाने. बाईंनी अर्ज त्यांच्याकडे फिरवला. "सही तुमचीच आहे ना?"

बेकरीवाल्यांनी अर्ज परत बाईंकडे सरकवला आणि ते उठून गेले. पुढे त्यांची बेकरी बंद दिसू लागली, तेव्हा बाईंनी घरी जायचा रस्ता बदलला. पेनाचा रस्ता काही बदलला नाही.

या वर्षी दादा निघाला. बाईंचा सख्खा थोरला भाऊ. आईवडिलांच्या मागे त्यानेच बाईंना वाढवलं, जन्मभर टपरीएवढ्या दुकानात कुलपं दुरुस्त करत बसला. एकदा बर्फाचे डोंगर बघायचे, एवढीच त्याची हौस. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बाईच बसून होत्या.

"छोटी, ते जाळीचं लिहायचं ना गं?" दादाने विचारलं.

पेन त्या ओळीवरून पुढे सरकलंही होतं. "गप रे दादा. परवा विमान तुझं, आता पत्रं कुठे गोळा करत बसू? ठणठणीत तर आहेस. इथे सही कर."

त्याने जीभ दाताखाली धरून वळणदार सही केली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

सहाव्या दिवशी, भर कामाच्या वेळी, दादाचा फोन आला.

"छोटी, घाबरू नकोस हं. डोंगरावर छातीत कळ आली, दवाखान्यात आणलंय. आजच छाती उघडावी लागेल म्हणतात. कंपनीकडून खर्चाची हमी आली की आत नेतील." दम खाऊन तो हसला. "पलीकडच्या खाटेवरचा बिचारा विम्याविना आलाय, त्याचं तोंड बघवत नाही. मी म्हटलं, मला कसली काळजी? माझी बहीण विमाबाई आहे."

"हो रे दादा," बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासात कंपनीतून फोन आला. कोवळा, अदबशीर आवाज. "बाई, तिथल्या डॉक्टरांना जुनी जाळी सापडलीय. अर्जावर 'नाही' आहे. हमी देता येणार नाही."

"अहो, खुणा माझ्या आहेत! त्याने विचारलं होतं मला, मीच त्याला गप्प केलं. माझी नोकरी घ्या, काय हवं ते करा, पण माझ्या भावाला..."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. "सही त्यांचीच आहे ना, बाई?"

बाईंना फोन खाली ठेवल्याचंही कळलं नाही. तो लगेच पुन्हा वाजला.

"छोटी, आली का गं हमी? इथे सगळे थांबलेत."

"नाही आली, दादा." बाई रडू लागल्या. "ते जाळीचं... मी नाही लिहिलं. मी मेलीने 'नाही'वर खूण केली. मी पैसे उभे करते, घर विकते, तू फक्त..."

दादाने त्यांना मधेच थांबवलं.

"रडू नकोस, वेडे," तो म्हणाला. "सही माझीच आहे ना?"

मग कुणीतरी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.