डब्लिनच्या लॅबमधला फिकट नर

डब्लिनच्या विमानतळावर मृणाल मला घ्यायला आली ती स्वतःची गाडी चालवत. मनात पहिला विचार आला तो असा, की हिला पुण्यात सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. चेन पडली की मी लावून द्यायची. मोहोळला स्टँडजवळ माझ्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे, तेवढं मला येतं.

"संगे, दमलीस का गं?"

"बसून कोण दमतं?" मी म्हटलं.

एमएस्सीला आम्ही एका बाकावर होतो. मी वर्गात पहिली आले, ती तिसरी. फळमाशीचा नर कोणता आणि मादी कोणती, हे मृणालला मी शिकवलं. आज ती इथे त्याच माश्यांवर संशोधन करते आणि मी मोहोळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या घरात कॉलेज आतून पाहिलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. मृणालचे आईवडील दोघेही प्राध्यापक.

आयर्लंड पाहायला जाते, असं सगळ्यांना सांगून मी निघाले होते. पण तिच्या लॅबमध्ये पीएचडीची एक जागा निघणार, असं ती फोनवर सहज बोलून गेली होती. ती जागा मला हवी होती. मात्र 'माझं नाव सुचव' असं मी तोंडाने म्हणणार नव्हते. तिला सुचायला नको?

विमानतळापासून मृणालचं उपनगर स्वोर्ड्स अगदी जवळ. एकसारख्या विटांच्या घरांच्या रांगा, प्रत्येक दारात गाडी, आणि डोक्यावरून विमान इतकं खाली जातं की चाकं दिसतात. मृणालच्या प्रेसमध्ये (इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात) तांदळाचेच चार प्रकार. तिच्या सहा वर्षांच्या इराला मी मराठीत विचारलं, "सोलापूरची शेंगाचटणी खाणार का?" तिला सगळं कळलं, पण उत्तर आलं ते पक्क्या आयरिश सुरात: "आय'म ग्रँड, थँक्स." म्हणजे नको. ग्रँड हा शब्द इथे होकाराला, नकाराला आणि पावसालाही चालतो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बसने शहरात तिच्या लॅबमध्ये गेलो. तिची प्रमुख ऊना, पांढऱ्या केसांची, अंगात भोक पडलेला स्वेटर. मृणाल तिला सरळ "ऊना" म्हणून हाक मारत होती. आमच्याकडे विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर आम्ही चपला काढायच्या तेवढ्या बाकी ठेवतो. मी "मॅडम" म्हटलं तशी ती हसली. "मॅडम म्हणजे माझी आई. मी ऊना."

तिथलं काम घरच्या वाचकांना सोप्यात सांगते. बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाकडे एक. दोन्ही एक्स पूर्ण जोराने चालले तर बाईच्या पेशीत त्यांचा माल दुप्पट होईल. म्हणून तिच्या प्रत्येक पेशीत एक एक्स जवळजवळ गप्प बसवलेला असतो. फळमाशीत उलटं. मादीचे दोन्ही चालू, आणि नराचा एकुलता एक एक्स दुप्पट राबतो. शिवाय मातीत राहणारा एक बारीक जंत आहे. त्याच्यात ज्याच्याकडे दोन एक्स, तो दोन्ही निम्म्याने मंद करतो. रस्ते तीन, पण तिन्ही समतोलालाच पोचतात.

मृणाल हे सांगताना तिच्यामागे चकचकीत सूक्ष्मदर्शकांची रांग होती, आणि मी मनात म्हणत होते, मी नराचा एक्स आहे. एकटी आणि दुप्पट. हिला घरातून दोन मिळाले.

जागेचा विषय तिने दिवसभर काढला नाही.

शनिवारी सकाळी फिरायला म्हणून नैऋत्येच्या ट्रली गावाची आगगाडी पकडायची होती, आणि त्याआधी तिला लॅबमध्ये कुमारी माद्या वेगळ्या काढायच्या होत्या. कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या, नराशी गाठ न पडलेल्या. पुढच्या प्रयोगाचा सगळा भार या माद्यांवर. गॅसने गुंगवलेल्या माश्या ती ब्रशच्या टोकाने भराभर सारत होती, मी शेजारच्या सूक्ष्मदर्शकातून नुसती पाहत होते. नवा जन्मलेला नर फिकट असतो. त्याच्या पोटाचं टोक अजून काळं झालेलं नसतं, म्हणून घाईत तो मादी वाटतो. अशा वेळी पुढच्या पायांवरची बारीक काळी फणी बघायची. ती फक्त नराला असते.

मृणालने फणी पाहिली नाही. मी पाहिली. फिकट नर ब्रशवर बसून माद्यांच्या कुपीत गेला.

"चल चल, गाडी चुकेल," ती म्हणाली.

मी पिशवी उचलली.

ट्रलीपर्यंत खिडकीबाहेर काय नव्हतं! दगडी बांधांची हिरवी शेतं, पाठीवर निळा रंग फासलेल्या मेंढ्या, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. मला दिसत होती ती कुपी. कोवळ्या माश्या संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. त्यानंतर ती कुपी वाया. समोर मृणाल कानात गाणी घालून डुलत होती. डुल, मी म्हणत होते, डुल.

आमची उतरण्याची सोय ब्रीड नावाच्या आजीबाईंच्या घरी होती. त्यांनी चुलीवरची सोडा ब्रेड (खायचा सोडा घालून केलेली जाड पोळीसारखी भाकरी) आणि लोणी पुढे केलं. मी शेंगाचटणी काढली. ब्रीडबाईंनी ती लोण्यावर जाड थापली, डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसरा तुकडा घेतला. एवढ्यात त्यांची काळी-तांबडी-पांढरी मांजर मृणालच्या मांडीवर चढली.

"तिच्या अंगावर मृणालचंच संशोधन आहे," मी ब्रीडबाईंना सांगू लागले. "तांबडा रंग एका एक्सवर, काळा दुसऱ्यावर. ज्या ठिपक्यात जो एक्स गप्प, त्याचा रंग तिथे नाही. म्हणून अशी मांजर बहुतेक मादीच असते."

ब्रीडबाई मृणालकडे वळल्या. "तुझ्यापेक्षा हिचं कळतं गं. तू मागच्या वेळी सांगितलंस तेव्हा मला झोप आली होती."

मृणाल मोठ्याने हसली. "अहो, मला शिकवलंय कोणी? हिनेच!"

इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते असं चटणीच्या वासात आलं, आणि मला ते मुळीच गोड लागलं नाही.

"मृणे, सकाळच्या कुपीत नर आहे."

"काय?"

"फिकट. फणी होती पायावर."

तिने मांजर खाली ठेवली. "तू सकाळीच पाहिलंस?"

"हो."

"आणि आत्ता बोलतेस? चार तास गाडीत माझ्यासमोर बसलीस, संगे!"

"तू तीन दिवस त्या जागेबद्दल बोलली नाहीस."

ब्रीडबाई मराठी न कळताही किटली घेऊन आत गेल्या. मृणालने फोन लावला. ऊना लॅबजवळच राहते. मला वाटलं, ही आता म्हणेल, मला शंका आली, जरा बघतेस का. ती इंग्रजीत स्वच्छ म्हणाली, "माझी चूक झाली. संगीताने पकडली." थोड्या वेळाने ऊनाचा उलटा फोन आला. नर सापडला, कुपी वाचली. तिला माझ्याशी बोलायचं होतं.

"मृणाल सूक्ष्मदर्शकाखाली होती. तू शेजारून पाहिलंस?"

"हो, ऊना." पहिल्यांदा नाव घेतलं. आणि जीभ एकदा सुटली म्हणून पुढचंही विचारून टाकलं. "तुमच्याकडे पीएचडीची जागा निघणार आहे. मी अर्ज करू का?"

"कर की. वचन देत नाही. पण अर्जात माशीची ही गोष्ट लिही."

परतीच्या दिवशी विमानतळावर मृणाल गाडीतून उतरली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर.

"मी मुद्दामच विषय काढला नव्हता," ती समोर बघत म्हणाली. "तू आलीस की लॅबमध्ये परत मी तिसरी."

पाच हजार मैलांवर, चार प्रकारचे तांदूळ घरात असताना, ही माझ्यावर जळत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चटणीची उरलेली पुडी मी तिच्या शेजारच्या सीटवर ठेवली.

विमानाने स्वोर्ड्सच्या छपरांवरून वळण घेतलं. खाली तिचं घर कोणतं, ते मी शोधलं. सगळी सारखीच दिसत होती. हेवा गेला असं म्हणणार नाही, पण इतकी वर्षं तो माझ्या एकटीत दुप्पट चालत होता. आता तो दोघींत आहे, निम्मा निम्मा, त्या मातीतल्या जंतासारखा. अर्ज मी मोहोळला पोचल्यावर त्याच आठवड्यात पाठवला. पाठवण्याआधी एकदा मृणालने तपासला, आणि दोन चुका काढल्या.